बुरुजांचा खेळ

मोबाईलच्या पडद्यावर एक वांकडीतिकडी वाट दिसते. त्या वाटेनें शत्रूच्या टोळ्या येणार, हें ठरलेलेंच. त्या येण्यापूर्वीं हातांतल्या मोजक्या नाण्यांत बुरूज कोठें बांधावे, एवढेंच खेळणाराच्या हातीं असतें. नवखा मनुष्य वाटेच्या तोंडाशींच सारें द्रव्य उधळतो. मुरलेला खेळाडू वळण शोधतो. कारण वळणाच्या पोटांत बांधलेल्या बुरुजाच्या माऱ्यांत शत्रू अधिक वेळ राहतो.

मुरूडचा जंजिरा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना हें नवें वाटणार नाहीं. त्याचा मुख्य दरवाजा दोन बुरुजांच्या मध्यें असा दडलेला आहे कीं, होडी अगदीं जवळ येईपर्यंत तो दिसतच नाहीं; आणि दिसतो तेव्हां ती दोन्ही बुरुजांच्या माऱ्यांत सांपडलेली असते.

१९९० सालचा अटारी कंपनीचा ‘रॅम्पार्ट’ हा या जातीच्या खेळांचा एक पूर्वज. एकट्यानें खेळतांना त्यांत जहाजें समुद्रांतून तोफा डागतात. पडलेला तट ठराविक वेळांत जोडून निदान एक किल्ला तटाच्या आंत घेतां आला नाहीं, तर डाव संपला. कोंकणच्या किनाऱ्यासाठींच तो रचला असावा, असें वाटतें!

उणीव एकच. अशा साध्या खेळांतला शत्रू आंखलेली वाट सोडीत नाहीं. जंजिऱ्याला तर जमिनीवरून वाटच नव्हती; म्हणून १६८२ सालीं संभाजी महाराजांनीं मधल्या समुद्रांत भर घालून ती करावयास घेतली. काम चालू असतांच मोगल सैन्य कोंकणांत उतरलें; महाराजांना तिकडे वळावें लागलें, आणि वाट अपुरी राहिली.