परक्या आकाशांतील नोकरी

मुलगा वैमानिक झाला आणि दुबई, दोहा, सिंगापूर किंवा हाँगकाँग येथील कंपनीकडून त्यास बोलावणें आलें, म्हणजे घरांत जी चर्चा चालते ती बहुधा पगाराच्या आंकड्यापाशीं सुरू होते व तेथेंच संपते. दुबईस पगारावर प्राप्तिकर नाहीं, कंपनी घराची सोय करते, मुलांच्या शाळेस हातभार लावते, एवढें ऐकलें कीं आजोबांसुद्धां सर्वांचा होकार तयार! आमचे कांहीं जुने विद्यार्थी या व्यवसायांत आहेत. त्यांच्याशीं वेळोवेळीं झालेल्या बोलण्यावरून आमचें असें मत बनलें आहे कीं, या नोकरीचा खरा हिशेब पगारांत नसून ज्येष्ठतेच्या यादींत आहे. ती समजून घेतल्यावांचून घरच्या वडील माणसांनीं होकार देऊं नये, आणि नकारहि देऊं नये.

ज्येष्ठतेची यादी ही आम्हां शिक्षकांस परिचित वस्तु. बदली झाली तरी आमची मागील सेवा धरली जात असे, आणि मुख्याध्यापकाची खुर्ची कधीं येणार याचा अंदाज बांधतां येई. वैमानिकाचें निराळें आहे. कंपनींत पाऊल टाकलें त्या दिवशीं त्यास एक क्रमांक मिळतो. मोठें विमान कधीं, सहवैमानिकाच्या उजव्या आसनावरून कॅप्टनच्या डाव्या आसनावर केव्हां, दिवाळीची रजा कोणास, आणि वाईट दिवस आले तर प्रथम घरीं कोणी जावयाचें, हें बऱ्याच कंपन्यांत त्या क्रमांकावर ठरतें. कंपनी सोडली कीं उड्डाणाचे दहा हजार तास त्याच्याबरोबर येतात. क्रमांक येत नाहीं. नव्या कंपनींत तो पुन्हां यादीच्या तळाशीं, काल भरती झालेल्या पंचवीस वर्षांच्या मुलाच्याहि खालीं! कांहीं कंपन्या अनुभवी माणसास थेट कॅप्टन म्हणून घेतात, परंतु तें पुष्कळदां ठराविक मुदतीच्या करारावर. आणि करारावरचा माणूस म्हणजे घरांतला पाहुणा. आदर भरपूर, पण भिंतींत खिळा ठोकण्याचा हक्क नाहीं.

आशियांत परका वैमानिक ही कांहीं आजची गोष्ट नव्हे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन विमान मुंबईस जुहूच्या मैदानावर आणलें, हें आपण अभिमानानें सांगतों. तेथून पुढें तें विमान मद्रासेस नेणारे नेव्हिल व्हिन्सेंट हे परके होते, हें सहसा कोणी सांगत नाहीं. हाँगकाँगची कॅथे पॅसिफिक १९४६ मध्यें स्थापिली ती एका अमेरिकन व एका ऑस्ट्रेलियन वैमानिकानें. चिनी कंपन्यांनीं या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत भराभर विमानें घेतलीं. कॅप्टन कांहीं एका रात्रींत तयार होत नाहीं. म्हणून जगभरांतून करारावर माणसें बोलाविलीं, आणि पगार असे देऊं केले कीं अमेरिकेंतील कॅप्टनांसहि मोह पडावा. ज्या देशास आपले वैमानिक अपुरे पडतात तो परक्यांस पाट मांडतो, आणि घरचीं मुलें तयार होतांच पाट उचलूं लागतो. आपण तरी दुसरें काय केलें? परक्या वैमानिकांस तात्पुरती अनुज्ञा, तिला अखेरची मुदत, आणि गरज सरली नाहीं म्हणून ती मुदत पुन्हां वाढविलेली. तेव्हां इतरांस दोष देण्यांत अर्थ नाहीं.

पाट कसा उचलला जातो हें २०२० सालीं दिसलें. सिंगापूर, हाँगकाँग, दुबई, दोहा येथील कंपन्यांस देशांतर्गत मार्ग असा नाहींच. विमान उठलें कीं सरहद्द ओलांडलीच. महामारींत सरहद्दी बंद होतांच त्यांचीं बहुतेक प्रवासी विमानें जमिनीवर बसलीं. आपल्याकडे २५ मे पासून देशांतर्गत उड्डाणें पुन्हां सुरू झालीं. त्यांना तो आधार नव्हता. त्याच ऑक्टोबरांत कॅथे पॅसिफिकनें ५,९०० माणसांच्या जागा कमी केल्या, कॅथे ड्रॅगन ही आपली जोडकंपनी बंद केली, आणि हाँगकाँगच्या वैमानिकांपुढें कमी वेतनाचे नवे करार ठेवले. आमचा एक विद्यार्थी तेव्हां आखातांतील एका कंपनींत कॅप्टन होता. त्यास निरोप मिळाला तेव्हां मुलगी दहावींत, पुण्याच्या घराचें कर्ज परदेशच्या पगारावर काढलेलें, आणि वय चव्वेचाळीस. पुढें येथें परतून तो पुन्हां उजव्या आसनावर बसला. स्वदेशीं राहिल्यानें सर्व सुरक्षित, असें मात्र कोणी समजूं नये. किंगफिशर २०१२ मध्यें थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्यें. त्यांच्या वैमानिकांचे क्रमांकहि हवेंतच विरले.

दुसरी गोष्ट कागदांची. येथला परवाना तेथें जसाच्या तसा चालत नाहीं. त्या देशाच्या विमानवाहतूक खात्याकडून तो मान्य करून किंवा बदलून घ्यावा लागतो. वैद्यकीय दाखला साधारणतः दरवर्षीं, साठीनंतर दर सहा महिन्यांनीं. आतां ही सांखळी पाहावी: दाखला अडला कीं उड्डाण थांबतें, उड्डाण थांबलें कीं नोकरी डळमळते, आणि आखातांत राहण्याची परवानगी बहुधा नोकरीसच बांधलेली असल्यामुळें घर व मुलांची शाळाहि तिच्यामागोमाग जातात. रक्तदाबाच्या एका आंकड्यानें चार माणसांचें बिऱ्हाड हलावें, असें दुसऱ्या कोणत्या पेशांत घडतें?

मुक्कामाचे नियम देशागणिक वेगळे आहेत. हाँगकाँगला सलग सात वर्षें राहिल्यावर कायम रहिवासाचा हक्क मागतां येतो. सिंगापुरांत वडिलांच्या आधारें कायम रहिवासी झालेल्या मुलग्यास अठराव्या वर्षाच्या सुमारास दोन वर्षें राष्ट्रसेवेचें बंधन येतें. हें कित्येक आईबापांस मुलगा पंधरा वर्षांचा झाल्यावर कळतें! सिंगापूर-न्यूयॉर्कसारखीं अठरा तासांचीं उड्डाणें, मधल्या रात्रीं, बिघडलेली झोंप, यांविषयीं लिहावें तितकें थोडें; पण त्याची कल्पना मुलास असते. नसते ती कागदांची.

आमच्या मतें जावयाचें तर तिशीच्या आंतबाहेर जावें आणि कायम यादींत नांव लागत असेल तेथें जावें. आंतरराष्ट्रीय उड्डाणांस वयाची मर्यादा २००६ पासून पासष्ट आहे. तिसाव्या वर्षीं तळाशीं बसलेल्यास वर चढण्यास पस्तीस वर्षें मिळतात. नाहींतर पन्नाशीनंतर, मुलांचीं शिक्षणें मार्गीं लागल्यावर, पांच वर्षांचा करार करून शेवट माहीत असतांना जावें. मधल्या चाळिशींत आपला चांगला क्रमांक टाकून दुप्पट पगारासाठीं करारावर जाणें आम्हांस पटत नाहीं. कोणत्याहि वयांत भारतीय परवाना जिवंत ठेवावा, वर्षभराचा खर्च बाजूस असावा, आणि करारांतील सेवासमाप्तीचें कलम पगाराच्या कलमाआधीं वाचावें.

सध्यां आमच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरीं हाच प्रश्न उभा आहे. मुलगा एकतीस वर्षांचा, येथें सहवैमानिक. हाँगकाँगहून बोलावणें आलें आहे. आईची दृष्टि अधू होत चालली आहे, आणि वडिलांस त्यानें येथेंच कॅप्टन व्हावें असें वाटतें. सून दंतवैद्य, तिला तेथें व्यवसाय करण्यास पुन्हां परीक्षा द्यावी लागेल. आम्ही दोघांनीं मिळून करार दोनदां वाचला. नांव कायम यादींत लागतें, हें पाहून आम्ही त्याच्या बाजूनें बोललों. सहकारी अद्याप आमच्यावर थोडे रागावलेले आहेत. २०१७ च्या नियमाप्रमाणें सहवैमानिकास सहा महिने आधीं सूचना द्यावी लागते. ती त्यानें दिली आहे, आणि तेवढ्या अवधींत आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया उरकून घेण्याचें ठरलें आहे.