पत्र्याला पांढरा रंग, घराला गारवा



धारूर तालुक्यातली बरीच माणसं ऊसतोडीहून परततात ती उन्हाच्या तोंडावर. आपण बालाघाटाच्या डोंगरात राहतो खरं, पण मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर चढतोच. भर दुपारी पत्र्याच्या घरात म्हातारी माणसं अन् लहान लेकरं तळमळतात. गोठ्यात संकरित गाय धापा टाकते, वैरण सोडते, दूध कमी होतं. पंखा लावावा तर तो वरची गरम हवाच खाली ढकलतो, अन् विजेचं बिल वाढतं.

असं का होतं? उन्हात आपण पांढरा पटका बांधतो, काळा नाही. पांढरा रंग ऊन परतवतो, गडद रंग ते पिऊन घेतो. छपराचंही तसंच आहे. गंजलेला पत्रा तापतो अन् दिवसभर खाली धग सोडतो. ताज्या पांढऱ्या रंगावरून मात्र दहा भागांतलं सात-आठ भाग ऊन परत जातं. त्यामुळे घरातली हवा साधारण 2 ते 5 अंशांनी कमी तापते. अहमदाबाद शहरात 2017 साली गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी केली, ती याचसाठी.

आपल्या जुन्या माळवदावर मातीचा जाड थर असे, म्हणून ऊन आत उतरायला वेळ लागे. पत्र्याला ती जाडी नाही. तेव्हा रंगाचा आधार घ्यावा.

काय करावं?

1. काम फेब्रुवारी-मार्चात, सकाळच्या गारव्यात उरका.
2. सिमेंटच्या स्लॅबला चुना चालतो. विरवलेला चुना फडक्यातून गाळा, थोडा डिंक मिसळा अन् दोन हात द्या. दरसाल पुन्हा द्यावा लागेल.
3. लोखंडी पत्र्यावर चुना टिकत नाही. गंज घासा, पत्रा धुवा, आधी गंजरोधक रंग अन् वर बाहेरच्या कामाचा पांढरा रंग द्या.
4. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, तो फुटतो. कोरडा घासूही नका, धूळ छातीला वाईट.
5. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. गेलाच तर भरपूर पाण्यानं धुऊन दवाखाना गाठा.
6. धूळ साचली की छप्पर धुवा. मळकं छप्पर ऊन पितं.

रंग दिला म्हणून सावली, वारा अन् पिण्याचं पाणी यांत कसूर नको. खात्री नसेल तर यंदा गोठ्याचा अर्धाच पत्रा रंगवा. दुपारी दोन वाजता जनावरं कुठल्या बाजूला सरकतात, ते पाहा!