‘जो-तो’ तोंडपाठ, पण ‘हू-व्हिच’ला अडतं! इंग्रजी वाक्यात नेमका घोळ कुठं होतो?

बारावीची परीक्षा जवळ आली की खेड्यापाड्यातल्या मुलांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती इंग्रजीची. विज्ञान घ्या, कला घ्या नाहीतर वाणिज्य, इंग्रजी कुणालाच चुकत नाही. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे बारा वर्षं इंग्रजी शिकूनही मुलं लांब वाक्य आलं की अडखळतात. शब्द माहीत असतात, वाक्य मात्र जुळत नाही. यातला मोठा घोळ होतो तो नामाची माहिती सांगणाऱ्या जोडवाक्यात. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला ‘रिलेटिव्ह क्लॉज’ म्हणतात.

नाव अवघड वाटलं तरी काम रोजचंच आहे. बाजारात कुणी विचारलं, ‘कुठला बैल घेतला?’ तर आपण सांगतो, ‘जो कोपऱ्यात बांधलाय तो.’ झालं, हाच रिलेटिव्ह क्लॉज. ‘जो कोपऱ्यात बांधलाय’ एवढ्या तुकड्यानं शंभर बैलांतला एक वेगळा काढला. मराठीतल्या नऊ मूळ सर्वनामांपैकी ‘जो’ हे एक. त्याला संबंधी सर्वनाम म्हणतात, हे स्पर्धा परीक्षेच्या पोरांना पाठ असतं. आपल्या म्हणीसुद्धा याच साच्यातल्या आहेत. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’, ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’.

पहिली चूक : ‘तो’ सोडवत नाही

मराठीत हे वाक्य जोडीनं चालतं. ‘जो’ आला की मागोमाग ‘तो’ येतो. ‘जो माणूस काल आला, तो माझा मामा आहे.’ इंग्रजीत मात्र एकच बैल जुंपायचा असतो. ‘द मॅन हू केम यस्टर्डे इज माय अंकल.’ यात ‘हू’ म्हणजे जो. ‘तो’साठी वेगळा शब्दच नाही.

आपली मुलं मनात मराठी धरून लिहितात, ‘द मॅन हू केम यस्टर्डे ही इज माय अंकल.’ इथं ‘ही’ जादा झाला, वाक्य चुकलं. हीच चूक दुसऱ्या रूपातही दिसते. ‘द सीड व्हिच आय बॉट इट वॉज बॅड.’ ‘व्हिच’मध्ये बियाणं येऊन गेलं, मग ‘इट’ कशाला? बरोबर वाक्य असं : ‘द सीड व्हिच आय बॉट वॉज बॅड.’

दुसरी चूक : जागा

मराठीत माहिती आधी, नाम नंतर. ‘आईनं केलेली भाजी’, ‘काल पेरलेलं शेत’, ‘बाजारातून आणलेली शेळी’. इंग्रजीत उलटं. आधी नाम, मग त्याची माहिती. ‘भाजी जी आईनं केली’ अशा क्रमानं : ‘द भाजी दॅट मदर मेड’. मराठीतला ‘-लेला, -लेली, -लेलं’ हा शब्द इंग्रजीत बहुतेक वेळा असा उलगडून नामाच्या मागं लावता येतो.

आणि मागं म्हणजे अगदी खेटून. तुकडा लांब गेला की अर्थ बिघडतो. समजा कुणी लिहिलं, ‘ही सोल्ड अ काउ टू अ डॉक्टर व्हिच वॉज लेम.’ सांगायचं होतं की गाय लंगडी होती. पण तुकडा डॉक्टरला चिकटला, आणि वाचणाऱ्याला वाटतं डॉक्टरच लंगडा! म्हणून ‘ही सोल्ड अ काउ व्हिच वॉज लेम टू अ डॉक्टर’ असं गाईला खेटून लिहायचं.

हू, व्हिच की दॅट?

मराठीत ‘जो, जी, जे’ हे लिंगाप्रमाणं बदलतं. माणूस असो की बैल, दोघांनाही ‘जो’. इंग्रजीला लिंगाचं देणंघेणं नाही, तिथं माणूस आहे की नाही एवढंच बघतात.

माणसासाठी ‘हू’. जनावर, वस्तू, पीक यासाठी ‘व्हिच’. ‘दॅट’ दोन्हीकडं चालतो. ‘जिथं’साठी ‘व्हेअर’ : ‘द व्हिलेज व्हेअर आय वॉज बॉर्न’. ‘ज्याला’साठी नेमका शब्द ‘हूम’ आहे, पण बोलताना तिथंही ‘हू’च वापरतात.

‘ज्याचा, ज्याची, ज्याचं’ या तिन्हींसाठी एकच शब्द, ‘हूज’. ‘ज्या शेतकऱ्याची विहीर आटली’ म्हणजे ‘द फार्मर हूज वेल ड्राइड अप’. इथं स्पेलिंगला जपायचं. डब्ल्यू, एच, ओ, एस, ई म्हणजे ‘ज्याचा’. ‘हू’ लिहून वर टिंबासारखं चिन्ह देऊन एस लावला तर त्याचा अर्थ ‘कोण आहे’ असा होतो. उच्चार एकच, मार्क मात्र जातो.

क्रियापदाचंही ध्यानात ठेवावं. ते मागच्या नामाप्रमाणं चालतं. एक शेतकरी असेल तर ‘अ फार्मर हू ग्रोज कॉटन’, अनेक असतील तर ‘फार्मर्स हू ग्रो कॉटन’.

कधी कधी हा जोडशब्द गाळतातही. ‘द सीड आय बॉट’ हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे. पण तुकड्यात दुसरा कर्ता असेल तरच गाळता येतं. इथं विकत घेणारा ‘आय’ आहे, म्हणून चाललं. ‘द मॅन हू केम’ मध्ये ‘हू’ स्वतःच कर्ता आहे. तो काढला तर वाक्य लुळं पडतं.

स्वल्पविराम छोटा, फरक मोठा

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे फक्त परीक्षेपुरतं नाही, कागदावर सही करताना उपयोगी पडणारं आहे.

समजा एखाद्या सोसायटीच्या इंग्रजी नोटिशीत लिहिलंय, ‘मेंबर्स हू हॅव पेड द फी कॅन व्होट.’ स्वल्पविराम नाही. अर्थ असा की ज्यांनी फी भरली त्यांनाच मतदान करता येईल, बाकीचे बाहेर. आता तेच वाक्य स्वल्पविराम देऊन : ‘मेंबर्स, हू हॅव पेड द फी, कॅन व्होट.’ अर्थ पालटला. सगळे सभासद मतदान करू शकतात, आणि फी सगळ्यांनीच भरली आहे, ही फक्त जादा माहिती.

स्वल्पविराम नसेल तर तो तुकडा चाळणीचं काम करतो, काहींना घेतो आणि काहींना गाळतो. स्वल्पविरामात असेल तर तो नुसती माहिती देतो, गाळत कुणालाच नाही. ‘दॅट’ हा शब्द फक्त चाळणीसाठी, स्वल्पविरामानंतर तो वापरत नाहीत.

मराठीत हे काम बहुतेक वेळा ‘च’ करतो. ‘ज्यांनी फी भरली त्यांनाच.’ इंग्रजीत तसा ‘च’ नाही, म्हणून स्वल्पविरामाकडं बघावं लागतं. कर्जाचा कागद, करार, नोकरीची जाहिरात, कंपनीची अट, कुठंही ‘हू’ किंवा ‘व्हिच’ दिसलं की थांबायचं. मागं कुठलं नाम आहे आणि स्वल्पविराम आहे की नाही, या दोन गोष्टी बघायच्या. ‘ही अट माझ्यासाठी आहे का?’ याचं उत्तर तिथंच असतं.

औषधाच्या डब्याचंही तसंच. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर अतिविषारी. त्यानंतर पिवळा, निळा आणि सगळ्यात कमी विषारी हिरवा. ‘वर्कर्स हू मिक्स द केमिकल मस्ट वेअर ग्लव्हज’ असं वाक्य असेल तर हातमोज्याची सक्ती औषध कालवणाऱ्यांना आहे. वाक्य अर्धवट कळलं, तर कालवणारा पोरगा उघड्या हातानं बादलीत काठी फिरवत बसतो.

पेपरात कसं लिहायचं?

बारावीच्या पेपरात ‘डू ॲज डायरेक्टेड’मध्ये वाक्य बदलायला सांगतात. दोन वाक्यं जोडायची असतील तर या चार पायऱ्या पुरतात.

1. दोन्ही वाक्यांत एकच असलेलं नाम शोधा.
2. दुसऱ्या वाक्यातलं ते नाम किंवा त्याचं सर्वनाम खोडा.
3. त्याजागी हू, व्हिच, हूज यातलं योग्य ते घाला.
4. तो सगळा तुकडा पहिल्या वाक्यातल्या नामाला खेटून ठेवा.

उदाहरण घ्या. ‘आय मेट अ फार्मर. हिज अनियन्स रॉटेड इन द रेन.’ शेतकरी दोन्हीकडं आहे. ‘हिज’ खोडलं, ‘हूज’ घातलं. ‘आय मेट अ फार्मर हूज अनियन्स रॉटेड इन द रेन.’ झालं.

साध्या वाक्याचं मिश्र वाक्य करायला सांगितलं तर विशेषण उलगडायचं. ‘द टायर्ड बुलक सॅट डाउन’ म्हणजे ‘थकलेला बैल बसला’. त्याचं होईल ‘द बुलक दॅट वॉज टायर्ड सॅट डाउन’, म्हणजे ‘जो बैल थकला होता तो बसला’. मिश्र वाक्यात दोन क्रियापदं हवीत, एवढी खूण पुरे.

सरावाला गाईडच पाहिजे असं नाही. रोज घरातल्या, शेतातल्या पाच गोष्टी घ्याव्यात आणि प्रत्येकीबद्दल असं एक वाक्य वहीत लिहावं. गळकी बादली, कमी दूध देणारी म्हैस, उशिरा येणारी एसटी. ‘द बस दॅट ऑल्वेज कम्स लेट’ हे तरी कुणाला शिकवायची गरज नाही!