विश्लेषण : मनोरीच्या लग्नातला ट्रम्पेट कॉन्झर्व्हेटरीत शिकायचा तर... विद्यार्थ्याला काय करावे लागते?

मालाडहून बसने मार्वे, तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडली की मनोरी. इथल्या ईस्ट इंडियन कुटुंबांच्या लग्नात 'उंबराचं पाणी' आणायला विहिरीवर निघालेली मिरवणूक बँडशिवाय पूर्ण होत नाही. या बँडमध्ये सर्वात पुढे ऐकू येते ते ट्रम्पेट. हे वाद्य ऐकत वाढलेल्या एखाद्या मुला-मुलीला ते पूर्णवेळ शिकायचे ठरवले, तर त्याचा दिवस कसा जाईल? वाट कुठून सुरू होते आणि ती कुठे पोहोचते?

ट्रम्पेट वाजवणे अवघड का?

ट्रम्पेटला कळा फक्त तीन. त्या दाबल्या की हवेचा मार्ग लांबतो आणि सूर खाली उतरतो : मधल्या कळीने अर्धा स्वर, पहिलीने एक पूर्ण स्वर, तिसरीने दीड स्वर. पण एकही कळ न दाबता फक्त ओठांचा ताण आणि हवेचा वेग बदलून पाच-सहा वेगवेगळे सूर काढता येतात. आपली तुतारी याच तत्त्वावर वाजते. तिला कळाच नसतात. म्हणजे ट्रम्पेटमध्ये बोटांचे काम कमी, ओठांचे आणि श्वासाचे जास्त. हार्मोनियमची पट्टी दाबली की ठरलेला सूर येतो. ट्रम्पेटवर मात्र सूर वाजण्याआधी वादकाच्या कानात असावा लागतो, नाहीतर शेजारचाच सूर लागतो आणि तो सगळ्या सभागृहाला ऐकू जातो.

कॉन्झर्व्हेटरी म्हणजे काय?

पाश्चात्त्य संगीत पूर्णवेळ शिकवणारे महाविद्यालय. हा शब्द इटलीतल्या अनाथाश्रमांवरून आला. तिथे मुलांना उपजीविकेसाठी संगीत शिकवले जाई. आधुनिक पद्धतीचा पाया 1795 मध्ये स्थापन झालेल्या पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीने घातला. तिथले अध्यापक जाँ-बातिस्त आर्बां यांचे 1864 चे स्वाध्यायांचे पुस्तक जगभरातले ट्रम्पेटचे विद्यार्थी आजही रोज उघडतात. ब्रिटनमध्ये हा पदवी अभ्यासक्रम साधारण चार वर्षांचा असतो.

विद्यार्थ्याचा दिवस कसा असतो?

सकाळ सुरू होते ती लांब, संथ सुरांनी. खेळाडू जसे अंग मोकळे करतात, तसे ओठ मोकळे करण्यासाठी. त्यानंतर जिभेचे, कळांचे आणि एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाण्याचे स्वाध्याय. आठवड्यातून एकदा मुख्य गुरूंसोबत एकट्याचा तास. तो सगळ्यात महत्त्वाचा, कारण आठवडाभरातली प्रत्येक चूक तिथे पकडली जाते. बाकी वेळात ऑर्केस्ट्राची तालीम, पाच जणांचा ब्रास गट, स्वरलेखन, संगीताचा इतिहास आणि पियानोच्या साथीने एकल वादन.

अभ्यासात हायडन यांचा 1796 चा आणि हुमेल यांचा 1803 चा कंचेर्तो चुकत नाही. दोन्ही रचना कळीच्या ट्रम्पेटच्या आधीच्या, म्हणजे छिद्रांवर झडपा असलेल्या वाद्यासाठी केलेल्या. शिवाय ऑर्केस्ट्रातल्या अवघड जागा स्वतंत्रपणे पाठ कराव्या लागतात. माहलर यांची पाचवी सिम्फनी एकट्या ट्रम्पेटने सुरू होते. नोकरीच्या चाचणीत ती जागा हमखास विचारली जाते.

आठ-दहा तास रियाज का करत नाहीत?

सतारीचा किंवा तबल्याचा विद्यार्थी तासन् तास बसू शकतो. ट्रम्पेटवाल्याला ते जमत नाही. तोंडाभोवतीचा स्नायू लहान असतो आणि माउथपीसच्या दाबाखाली तो लवकर थकतो. म्हणून साधारण तीन-चार तासांचा रियाज दिवसभरात तुकड्यांनी केला जातो आणि जितका वेळ वाजवले, जवळपास तितकीच विश्रांती घ्यायला सांगतात. थकलेल्या ओठांवर जोर दिला तर स्नायू फाटू शकतो. लुई आर्मस्ट्राँग यांच्या नावावरून या दुखापतीला 'सॅचमो सिंड्रोम' म्हणतात. दातांना तार लावायची असेल, तरी आधी शिक्षकांशी बोलावे लागते. उरलेला वेळ स्वरलेखन वाचणे, ऐकणे आणि वाद्य न उचलता मनात वाजवणे यात जातो.

मुंबईत शिकण्यात अडचण कोणती?

पहिली अडचण आवाजाची. मनोरीत खाडीच्या काठावर मोकळे वाजवता येते. मालाडच्या वन बीएचकेमध्ये शेजारी दार वाजवतात. म्यूट लावून आवाज दबतो, पण सतत म्यूटवर सराव केला तर फुंकर जड होते आणि मोकळा सूर बिघडतो.

दुसरी अडचण स्वरलेखनाची. लग्नाच्या बँडमध्ये बहुतेक गाणी कानाने बसवली जातात. ही मोठी ताकद आहे, पण कॉन्झर्व्हेटरीत समोर आलेला अनोळखी कागद पहिल्याच फटक्यात वाजवावा लागतो. त्यामुळे मुंबईतले विद्यार्थी सहसा खासगी शिक्षकांकडे शिकून ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या आठ श्रेणींच्या परीक्षा देतात.

पूर्वी हे काम गोव्यातल्या चर्चच्या शाळा करत. पोर्तुगीज काळात गावोगावच्या या शाळांत मुलांना लहानपणीच स्वरलेखन वाचता येई. तीच मुले पुढे मुंबईच्या हॉटेलांत आणि हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला आली. आल्दोना गावचे आंतोनियो शावियेर वाझ म्हणजे 'चिक चॉकलेट' (1916-1967) हे त्यांतले ठळक नाव. ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजे आणि सी. रामचंद्र यांच्या संगीतातही त्यांचा ट्रम्पेट होता. पुढे सिंथेसायझर आला, मोठे वाद्यवृंद कमी झाले आणि ही साखळी विस्कटली.

परदेशी प्रवेशाची तयारी कधीपासून?

बारावीच्या निकालानंतर सुरुवात केली तर एक वर्ष हातचे जाते. ब्रिटनच्या संगीत महाविद्यालयांचे अर्ज 'यूकास कॉन्झर्व्हेटॉयर्स'मार्फत, प्रवेशाच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात. चाचण्या त्यानंतरच्या महिन्यांत, म्हणजे बारावीच्या ऐन अभ्यासात येतात. अनेक संस्था परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिडिओ स्वीकारतात.

खर्चाचे गणित देशागणिक बदलते. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क स्थानिकांपेक्षा बरेच जास्त असते. जर्मनीत बहुतेक सरकारी संगीत महाविद्यालयांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो भरावे लागतात. शिवाय जर्मन भाषा यावी लागते आणि राहण्या-जेवण्याचा खर्च आहेच. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत 1928 पासून शिक्षण शुल्क घेत नाहीत, पण तिथे जागा मोजक्याच.

शिकून झाल्यावर काम कुठे?

हा प्रश्न प्रवेशाआधीच विचारायला हवा. मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवादक तीसच्या आसपास असतात, ट्रम्पेटवादक दोन ते चार. एक जागा रिकामी व्हायला वर्षे जातात. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण त्याचे बरेच वादक हंगामापुरते परदेशातून येतात.

देशात ट्रम्पेटला नियमित पगार देणारी मोठी जागा गणवेशात आहे. लष्कराचे वादक मध्य प्रदेशातल्या पचमढी इथल्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये तयार होतात. नौदलाच्या वादकांचे प्रशिक्षण कुलाब्याच्या आयएनएस कुंजालीवर होते. नौदल अग्निवीर योजनेतही वादकांची वेगळी भरती करते. मनोरीच्या मुलासाठी लंडनपेक्षा ही वाट कितीतरी जवळची आहे आणि शिकताना पैसे भरावे लागत नाहीत. मात्र अग्निवीराची मुदत चार वर्षांची असते आणि काय वाजवायचे ते बँड ठरवतो.

तिसरी वाट शिकवणे, रेकॉर्डिंग आणि लग्नाचे बँड यांची सांगड घालण्याची. शहरातले बहुतेक ट्रम्पेटवादक आज याच वाटेवर आहेत.

मग सुरुवात कुठून करावी?

समोरचे पक्के दात आले की साधारण आठ-दहा वर्षांच्या वयात ट्रम्पेट हातात घेता येतो. महागडे वाद्य लगेच लागत नाही. स्वरलेखन वाचून दाखवणारा शिक्षक मात्र पहिल्या वर्षापासून हवा, कारण ओठांची चुकीची ठेवण एकदा बसली की ती मोडून पुन्हा घडवायला महिने लागतात. गावातला बँड मुलाला कान देतो आणि चारचौघांत वाजवायची भीती घालवतो. त्याच्या जोडीला कागद वाचण्याची सवय लागली, तर सतरा-अठराव्या वर्षी कॉन्झर्व्हेटरी, नौदल की मिरवणूक हे त्याला स्वतःला निवडता येते. ती सवय नसेल, तर कॉन्झर्व्हेटरीच्या दाराशी त्याची चाचणी सुरू होतानाच संपते.