कुलूप बदललेल्या पेशी

वारंवार लघवीला लागते म्हणून दिलेल्या काही गोळ्यांनी वृद्धांचे तोंड कोरडे पडते, मलावरोध होतो, क्वचित भ्रमही होतो. गोळी एक आणि तक्रारी तीन ठिकाणच्या, असे का? पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही, म्हणजेच रिसेप्टर, नावाची प्रथिने असतात. अ‍ॅसिटिलकोलीन हे संदेशद्रव्य त्यांना चिकटले की पेशी कामाला लागते. मूत्राशय, लाळग्रंथी, आतडी, मेंदू या सर्वत्र एकाच कुळातील ग्राही असतात. गोळी त्या सर्वांनाच अडवते.

मग कोणत्या पेशींच्या संदेशाने नेमके काय घडते, हे जिवंत शरीरात ओळखावे कसे? अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ब्रायन रॉथ यांच्या गटाने २००७ मध्ये मोठी मार्मिक युक्ती योजली. याच कुळातील एका मानवी ग्राहीच्या शेकडो अमिनो आम्लांपैकी त्यांनी केवळ दोन बदलली. असा ग्राही अ‍ॅसिटिलकोलीनला जवळजवळ दाद देत नाही. बाहेरून दिलेल्या क्लोझापीन-एन-ऑक्साइडने मात्र जागा होतो. त्याचे जनुक उंदराच्या मेंदूतील निवडक पेशींत घालून ते द्रव्य टोचले, की तेवढ्याच पेशी चेतवून भूक, झोप वा स्मृतीतील बदल पाहता येतो.

युक्ती निर्दोष नव्हती. या द्रव्याचा काही अंश शरीरात क्लोझापीन या मनोविकारावरील जुन्या औषधात बदलतो आणि मेंदूत प्रत्यक्ष काम तेच करते, असे २०१७ मध्ये दिसून आले.

हे साधन अद्याप प्रयोगशाळेचेच आहे. तोवर नव्या गोळीनंतर आलेला भ्रम वयावर ढकलू नये. सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्याही हेच ग्राही अडवतात. डॉक्टरांना त्याही दाखवाव्यात. गोळी परस्पर बंद मात्र करू नये.