हृदयाच्या दारातलं कॅल्शियम

मैत्रिणींनो, कॅल्शियम म्हटलं की आपल्याला आठवतात हाडं, नाहीतर गरोदरपणातल्या गोळ्या. पण हृदयाचा ठोकाही याच कॅल्शियमवर पडतो, बरं का!

आमच्या हिंगोलीकडे बोअरच्या पाण्यानं भांड्यांवर पांढरा थर चढतो. त्यात मुख्यतः कॅल्शियमच असतं. १८८३ साली लंडनमध्ये डॉ. सिडनी रिंगर यांना अशाच नळाच्या पाण्यानं कोडं उलगडून दिलं. त्या पाण्यातल्या मिठाच्या द्रावणात बेडकाचं हृदय धडधडत राहायचं. डिस्टिल्ड पाण्यातल्या द्रावणात मात्र लवकरच बंद पडायचं. फरक होता कॅल्शियमचा.

आपल्या हृदयाच्या उजव्या कप्प्यात, वरच्या बाजूला पेशींचा एक छोटा पुंजका असतो. कीथ आणि फ्लॅक यांनी तो १९०७ मध्ये दाखवून दिला. हाच आपला जन्मजात पेसमेकर. इथल्या पेशींत आधी सोडियम हळूहळू शिरतं, मग कॅल्शियमची सूक्ष्म दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि विजेचा झटका उठतो. झाला एक ठोका! दिवसाला असे सुमारे एक लाख. मेंदू वेग कमी-जास्त करतो, पण ठोका हृदयाचा स्वतःचाच.

हे सगळं सांगण्याचं कारण वेगळंच आहे. बचत गटाच्या बैठकीत बी.पी.चा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "काकू, तुमची गोळी संपली? घ्या माझ्यातली एक." बी.पी.च्या काही गोळ्या नेमकी हीच दारं अडवतात. अ‍ॅम्लोडिपिनचा परिणाम मुख्यतः रक्तवाहिन्यांवर होतो; त्या सैलावतात. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल मात्र हृदयातल्या दारांवरही काम करतात, ठोके मंदावतात. अटेनोलॉल घेणारीनं वरून यातली एखादी उसनी घेतली, तर नाडी धोकादायक मंद होऊ शकते. गोळ्या दिसायला सारख्या, काम वेगळं.

मनगटावर, अंगठ्याखाली दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. आराम करताना साधारण ६० ते १०० ठोके असतात. ५० च्या खाली गेली, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर अशक्तपणा म्हणून अंगावर काढू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि मनानं गोळी बंदही करू नका.

साखर, चहापत्ती खुशाल उसनी द्या-घ्या. बी.पी.ची गोळी मात्र जिची तिनंच घ्यावी.