रेटिनोब्लास्टोमा प्रथिन

रेटिनोब्लास्टोमा प्रथिन, संक्षेपाने आरबी प्रथिन, हे पेशींच्या विभाजनावर नियंत्रण ठेवणारे प्रथिन आहे. विभाजनाची आवश्यकता नसताना पेशीला थोपवून धरणे हे त्याचे प्रमुख कार्य होय. हे प्रथिन नाहीसे झाले किंवा निकामी झाले, तर पेशींची अनिर्बंध वाढ होऊन कर्करोग उद्भवू शकतो. म्हणून ज्या जनुकापासून ते तयार होते, त्या आरबी१ जनुकाची गणना अर्बुदरोधक जनुकांमध्ये केली जाते. लहान मुलांच्या दृष्टिपटलाला होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाच्या अभ्यासातून त्याचा शोध लागला आणि त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले.

जनुक व रचना

आरबी१ हे जनुक १३व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असते. प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. एक मातेकडून आणि एक पित्याकडून आलेली. आरबी प्रथिन ९२८ अमिनो आम्लांचे बनलेले असून त्याच्या मध्यभागी खिशासारखा भाग असतो. इतर अनेक प्रथिने याच भागाला येऊन चिकटतात.

कार्य

पेशी दुभंगण्यापूर्वी तिला आपल्या डीएनएची दुसरी प्रत तयार करावी लागते. त्यासाठी लागणारी जनुके ई२एफ या गटातील प्रथिने कार्यान्वित करतात. एरवी आरबी प्रथिन ई२एफला धरून ठेवते, त्यामुळे ही जनुके निष्क्रिय राहतात आणि पेशी पुढच्या टप्प्यात जात नाही.

शरीराकडून वाढीचा संदेश आला की पेशीत सायक्लिन डी हे प्रथिन तयार होते. ते सीडीके४ व सीडीके६ या विकरांना चालना देते आणि ही विकरे आरबी प्रथिनाला फॉस्फेट गट जोडू लागतात. पुरेसे फॉस्फेट गट जोडले गेले की आरबीची पकड सुटते, ई२एफ मोकळे होते आणि डीएनएची प्रत काढण्यास प्रारंभ होतो. विभाजन पूर्ण होताच फॉस्फेट गट काढले जातात व आरबी प्रथिन पूर्ववत पहारा देऊ लागते.

द्वि-आघात गृहीतक

रेटिनोब्लास्टोमा काही मुलांना दोन्ही डोळ्यांत व अगदी लहान वयात होतो, तर काहींना एकाच डोळ्यात व तुलनेने उशिरा. या भेदाचे कारण अमेरिकन वैद्य आल्फ्रेड नडसन यांनी ४८ रुग्णांच्या नोंदी अभ्यासून १९७१ साली मांडले. त्यांच्या मते हा रोग होण्यासाठी दोन आघात, म्हणजे दोन उत्परिवर्तने, आवश्यक असतात.

आनुवंशिक प्रकारात मूल जन्मतःच सर्व पेशींत एक सदोष प्रत घेऊन येते. दृष्टिपटलाच्या असंख्य पेशींपैकी एखादीत दुसरी प्रतही बिघडली की गाठ निर्माण होते. अशा अनेक गाठी उद्भवू शकतात. अनानुवंशिक प्रकारात दोन्ही प्रती एकाच पेशीत, जन्मल्यानंतर किंवा गर्भावस्थेत, बिघडाव्या लागतात. हा योग दुर्मिळ असल्याने गाठ बहुधा एकच असते.

आनुवंशिक दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. १९८६ मध्ये स्टीफन फ्रेंड, रॉबर्ट वाइनबर्ग, थॅडियस ड्राया व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुक वेगळे केले. अशा रीतीने वेगळे केलेले हे पहिले अर्बुदरोधक जनुक होय.

अन्य कर्करोगांशी संबंध

या प्रथिनाचे महत्त्व डोळ्यापुरते मर्यादित नाही. फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगात आरबी बहुतेक रुग्णांमध्ये निकामी झालेले आढळते. आनुवंशिक रेटिनोब्लास्टोमातून बरे झालेल्यांना पुढील आयुष्यात हाडांच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो.

काही वेळा जनुक निर्दोष असूनही प्रथिन निष्प्रभ होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत असलेल्या मानवी पॅपिलोमा विषाणूचे ई७ हे प्रथिन आरबीच्या खिशासारख्या भागाला चिकटते व त्याचा नाश घडवून आणते. या विषाणूविरुद्धची लस संसर्ग टाळते आणि त्यायोगे हा बिघाडही टळतो.

उपचारातील उपयोग

आरबीला फॉस्फेट जोडणाऱ्या सीडीके४ व सीडीके६ या विकरांना रोखणारी औषधे आता उपलब्ध आहेत. त्यांपैकी पाल्बोसिक्लिब या औषधाला स्तनाच्या विशिष्ट प्रकारच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली. मात्र गाठीतील आरबी प्रथिनच नष्ट झालेले असेल, तर अशा औषधांचा प्रभाव पडत नाही. कारण ती या प्रथिनाकरवीच विभाजन थांबवितात.

लक्षणे व दक्षता

रेटिनोब्लास्टोमा बहुधा पाच वर्षांखालील मुलांना होतो. बाहुलीत पांढरट चकाकी दिसणे हे त्याचे सर्वांत सामान्य लक्षण होय. फ्लॅश वापरून काढलेल्या छायाचित्रात ती प्रथम पालकांच्याच नजरेस पडते. नव्याने आलेला तिरळेपणा हेही लक्षण असू शकते. अशा वेळी नेत्रतज्ज्ञाकडून विनाविलंब तपासणी करून घ्यावी. कुटुंबात हा रोग पूर्वी झालेला असल्यास मुलाची तपासणी जन्मापासूनच सुरू करतात व जनुकीय चाचणीने सदोष प्रत आली आहे किंवा नाही हे पाहता येते. वेळीच निदान झाल्यास बहुतेक मुलांचे प्राण वाचतात आणि पुष्कळांची दृष्टीही राखता येते.